टोकाच्या बांध्यांचं पाणी

१९७४ साली मी धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करत होते. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गोपिका बसायची. तीन वर्षं आम्ही समोरासमोर बसून सूक्ष्मदर्शकात डोळे घातले, पण मला तिच्याबद्दल माहीत होतं ते अगदीच थोडं. ती नागभीडकडच्या खेड्यातली होती, वडील वारले होते, आई गावी होती आणि ती स्वतः जवळच्याच बायकांच्या वसतिगृहात राहायची, एवढंच. ती बोलायची कमी. बोलली की तिच्या गावाकडच्या बोलीवरून कंपाउंडर मंडळी चेष्टा करायची आणि ती हसून मान खाली घालायची. एकदा ती रामदासपेठेत आमच्या घरी जेवायला आली होती. ती गेल्यावर आई म्हणाली, मुलगी गुणाची आहे, पण फार भित्री दिसते. मलाही तसंच वाटत होतं.

त्या वर्षी पाऊस दसऱ्याच्या बराच आधी थांबला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गोपिकाला गावाहून पोस्टकार्ड आलं. तिनं ते दोनदा वाचलं, एप्रनच्या खिशात ठेवलं आणि समोरच्या काचपट्टीवरच्या रक्तपेशी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. दुपारी मी विचारलं तेव्हा कळलं की तिची आई तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पाय घसरून पडली आहे आणि गोपिका शनिवारी गावी निघाली आहे.

"मी पण येऊ का?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला आईच्या पायापेक्षा त्या छोट्या गाडीचं आकर्षण जास्त होतं. रामटेकच्या पलीकडे मी काही पाहिलेलंच नव्हतं.

गोपिका जरा थांबली. "ये ना वं. पण मले तिथं काम राहीन. तुले एकटीले बसा लागन."

मी म्हटलं, बसेन.

शनिवारी अर्ध्या दिवसानं सुट्टी झाली. मी घरून थर्मास, चिवड्याचा डबा आणि स्वेटर असा सगळा सरंजाम घेऊन इतवारी स्टेशनवर पोचले. गोपिकाकडे एक कापडी पिशवी होती. तिच्यात आईसाठी बँडेजचे रोल आणि आयोडेक्स. नॅरोगेजची ती गाडी इतकी लहान की समोरासमोरच्या बाकांवर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. इंजिनाचा धूर सरळ डब्यात यायचा. नागपूर मागं पडलं तशी ती गाडी शेतांच्या इतकी जवळून जाऊ लागली की हात बाहेर काढला असता तर तुरीचं पान तोडता आलं असतं. उमरेडपर्यंत कापूस आणि ज्वारी होती. भिवापूरला एका बाईनं उकडलेले शिंगाडे विकायला आणले, ते आम्ही सोलत बसलो. तिथून पुढं जमिनीचा रंग बदलला, झाडी दाट झाली आणि धानाच्या लहान लहान बांध्या दिसू लागल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा.

मी खिडकीतून सौंदर्य पाहत होते. गोपिका बांध्यांमधली जमीन पाहत होती. मधेच ती म्हणाली, "इकडं बी भेगा पडून राहिल्या."

मग तिनं मला आपल्या गावची रीत सांगितली. तीन वर्षांत ती सलग इतकं बोललेली मी प्रथमच ऐकलं. गावाला एक जुना तलाव आहे. पावसानं दगा दिला की शेवटचं पाणी त्या तलावातून पाटानं बांध्यांना द्यायचं. कोणाला कोणत्या दिवशी आणि किती वेळ द्यायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. त्याला गाव नेमतं आणि सुगीला धान देतं. गोपिकाचे वडील पाणकर होते. ते गेले तेव्हा गावानं दुसरा माणूस शोधायला घेतला. पण त्या वर्षीचं पाणी तिच्या आईनं निभावून नेलं आणि कोणाचीच तक्रार आली नाही. तेव्हापासून ते काम आईकडेच होतं. आता आईचा पाय सुजला होता आणि उद्या रविवारी टोकाच्या बांध्यांची पाळी होती. पाटाच्या अगदी शेवटी असलेल्या त्या बांध्यांना पाणी सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कमी पोचायचं.

"मग उद्या कोण करणार?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली.

संध्याकाळी गाडीनं आम्हाला एका लहानशा स्टेशनवर सोडलं. तिथून गाव मैलभर. घरी पोचलो तेव्हा गोपिकाची आई रुखमाबाई ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. घोट्यावर आंबेहळदीचा जाड लेप होता. उंच, सडसडीत बाई. मुलगी आलेली पाहून त्यांच्या तोंडावर हसू आलं, पण पहिला प्रश्न होता तो गाडीतून पाहिलेल्या धानाचा. माझ्याकडे वळून त्यांनी माझं नाव विचारलं, शेजारणीकडून माझ्यासाठी गरम पाणी मागवलं आणि म्हणाल्या की शहरातल्या पोरीला आमची भाजी तिखट लागेल, दूध जास्त घे.

मी घोटा चाचपून पाहिला. एका जागी हात लागताच त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी म्हटलं, मावशी, हाड दुखावलं असावं, नागपूरला चला, एक्स-रेचा फोटो काढू. त्यांनी मान हलवली. पाण्याच्या पाळ्या संपल्या की येते, म्हणाल्या. जेवण झाल्यावर त्यांनी गोपिकाला जवळ बसवून उद्याचं सगळं समजावलं. पाणी किती वाजता सोडायचं, पाटाच्या कोणत्या वळणावर उंदरांनी बिळं केली आहेत, तिथं माती कशी दाबायची. गोपिका ऐकत होती, मधेच एखादा प्रश्न विचारत होती. लॅबमध्ये डॉक्टरांसमोर जिला शब्द फुटत नसे ती हीच, यावर माझा विश्वास बसेना.

सकाळी आम्ही तलावावर गेलो. तलाव मोठा होता, पण पाणी काठापासून बरंच आत गेलं होतं. टोकाच्या बांध्यांवाले दहा-बारा जण पाळीवर उभे होते. त्यांच्यातले शालिकराम हे वयानं मोठे. पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर. त्यांची वस्ती बौद्धांची. छप्पन साली ते वस्तीतल्या सगळ्यांसोबत दीक्षा घ्यायला नागपूरला आले होते, हे त्यांनी मला पहिल्याच ओळखीत सांगितलं.

पाळीच्या आतल्या अंगाला दगड-चुन्याचं एक चिरेबंदी बांधकाम पाण्यात उतरत गेलं होतं. त्याला तुडुम म्हणतात. त्याच्या पायऱ्यांवर एकाखाली एक भोकं होती आणि प्रत्येक भोकात लाकडाचा जाड दट्ट्या ठोकलेला. दट्ट्या काढला की पाणी पाळीखालून पाटात जातं. वरची दोन भोकं आता उघडी पडली होती. तिसरं पाण्याखाली होतं, दीड पुरुष खोल.

"ते कसं काढणार?" मी विचारलं.

गोपिकानं मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं. "पाणी सुरू झालं की वेळ पाह. आठपासून सहापावतर आहे. तू सांगशील तोच टाइम खरा." मग तिनं आईच्या जुन्या लुगड्याचा काष्टा आवळला आणि पायऱ्या उतरू लागली.

मी शालिकरामांना म्हटलं की एवढे पुरुष उभे आहेत, एखाद्यानं उतरावं. ते म्हणाले की पोहणारे पुष्कळ आहेत, पण दट्ट्याला पाणकराच्या घरचाच हात लागायचा अशी गावाची रीत आहे. दुसऱ्या कोणी हात लावला की त्यानं किती उघडला आणि कोणासाठी उघडला, यावर भांडण सुरू.

गोपिकानं श्वास भरला आणि बुडी मारली.

पाण्यावर वलयं उठली आणि विरली. मी घड्याळाकडे पाहत होते. पाऊण मिनिटानं ती वर आली, तुडुमाच्या दगडाला धरून दम घेतला आणि म्हणाली, "फुगला आहे." दुसऱ्यांदा गेली. या वेळी जास्त वेळ लागला. वर आली तेव्हा तिच्या तळहाताची कातडी सोलली होती. कोणी घाई केली नाही. ती बराच वेळ डोळे मिटून दगडाला टेकून राहिली. तिला परत बोलवावं असं वाटत होतं, पण वेळ मोजायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं.

तिसऱ्या बुडीला पाण्याखालून आधी घुमल्यासारखा आवाज आला. पाळीच्या पलीकडे पाट कोरडा होता, त्यात पाणी उसळून आलं. मग गोपिका वर आली. तिच्या काखेत हातभर लांबीचा काळा दट्ट्या होता.

"आठ वाजून दहा मिनिटं," मी म्हटलं.

आम्ही पाटाच्या कडेनं टोकापर्यंत चालत गेलो. दीड मैल तरी असेल. टोकाच्या बांध्या पाहिल्यावर मला आदल्या दिवशीचं तिचं बोलणं समजलं. धान उभा होता, पण पानं सुरळीसारखी वळली होती आणि जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की बोटं आत जावीत. शालिकरामांच्या घरच्या तुळसाबाईंनी आम्हाला गुळाचा चहा दिला आणि गोपिकाच्या हाताला तेल लावलं. आम्ही पाण्याची वाट पाहत बसलो. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. पाटात नुसती ओल आली होती, धार नव्हती.

गोपिका उठली. "चाल," म्हणाली. आम्ही पाटाच्या उलट्या दिशेनं चालू लागलो.

अर्ध्या वाटेवर कारण सापडलं. पाटाची कड फावड्यानं फोडलेली होती आणि जवळजवळ सगळं पाणी एका मोठ्या बांधीत वळलं होतं. धुऱ्यावर एक धिप्पाड म्हातारे गृहस्थ फावडं टेकून उभे होते. ते गोपाळराव, गोपिकाच्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. गावात त्यांचा शब्द चालायचा. गोपिका नागपूरला शिकायला निघाली तेव्हा साऱ्या भाऊबंदांचा विरोध मोडून त्यांनीच तिला आपल्या बैलबंडीतून स्टेशनवर पोचवलं होतं. हे मला तिनं आदल्या दिवशी गाडीतच सांगितलं होतं, मोठ्या अभिमानानं.

तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग सरळ उभी राहिली.

"मोठेबाबा, आज टोकाची पाळी आहे. तुमची मंगळवारी."

"मंगळवारपावतर माहा धान नाही राहत," ते म्हणाले. "लोंब भरून राहिली. तुह्या मायले सांगतो मी."

गोपिका त्यांच्या बांधीत उतरली. एक लोंब हातात घेतली, दाणा नखानं दाबला. पांढरं दूध आलं. मग तिनं बुडाशी माती चिमटीत धरून पाहिली.

"दूध आहे अन् बुडाले ओल आहे. मंगळवारपावतर निघते."

"नागपूरले राहून मले शेती शिकवते काय?"

"नाही जी. मायनं शिकवलं तेच बोलून राहिली." तिचा आवाज नेहमीसारखाच हलका होता. "तुम्ही माह्यासंगं टोकापावतर चाला. तिथलं पाहा. मग तुम्ही म्हणसान तसं करू."

हे काय बोलून बसली ही? गोपाळरावांनी टोकाच्या दिशेला पाहिलं. मग फावडं खांद्यावर टाकलं आणि आमच्यापुढं चालू लागले.

वाटेत मी तिला हळूच विचारलं की फोडलेली कड आपणच का बुजवली नाही, पाणी तर वाया चाललं आहे. ती म्हणाली, "फोडली त्यायनं. बुजवणं बी त्यायचंच काम आहे."

टोकाला शालिकराम धुऱ्यावर उभे होते. गोपाळरावांना पाहून त्यांनी 'जयभीम' केला. गोपाळरावांनी मान हलवली आणि सरळ बांधीत उतरले. मला वाटतं ते बऱ्याच वर्षांत इकडे आले नव्हते. वरच्या बांधीवाल्याला खाली यायचं कारणच पडत नाही. ते उकिडवे बसले आणि एका भेगेत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. मग दुसऱ्या बांधीत गेले, तिसऱ्या बांधीत गेले. परत आले तेव्हा ते शालिकरामांना म्हणाले, "इतकं झालं अन् मले सांगितलं काहून नाही गा?"

शालिकराम शांतपणे म्हणाले, "पाळी आमची आहे. मागून घ्याची गोष्ट नाही ते."

गोपाळरावांनी हाताची माती धोतराला पुसली. त्या वेळी गोपिकानं म्हटलं असतं की बघा मोठेबाबा, मी सांगत होते ना, तर कदाचित सगळं बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं. शेवटी ते वळले आणि आल्या वाटेनं निघाले. आम्ही मागोमाग. आपल्या बांधीपाशी पोचल्यावर त्यांनी धोतर खोचलं, पाटात उतरले आणि स्वतःच्या हातानं माती ओढून फोडलेली कड बुजवली. वरून पायानं दाबली. गोपिकानं शेजारचं गवताचं ढेकूळ उचलून त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी वर बसवलं.

"मंगळवारी दिवस निघता माही पाळी," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "घडीभर उशीर चालणार नाही."

"नाही होणार," ती म्हणाली.

पाणी टोकाला पोचलं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी ती वेळ चिवड्याच्या डब्यावरच्या कागदावर लिहून ठेवली. पहिल्या बांधीत धार पडली आणि भेगांमधून बुडबुडे निघू लागले, कोरडी माती चुरचुर वाजू लागली. तुळसाबाईंनी वाकून पाण्यात बोटं बुडवली आणि ती बोटं डोळ्यांना लावली. शालिकराम हातात फावडं घेऊन एका बांधीतून दुसरीत पाणी वळवू लागले आणि मग दिवसभर कोणी बसलं नाही. मीही नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी पाटाच्या वळणावर उंदरांची बिळं दाबत उभी होते. गोपिका दर तासाला पाटाची पुरी लांबी चालून यायची.

आमची परतीची गाडी दुपारी होती. ती शिटी वाजवत झाडीमागून निघून गेली, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसलो.

सहा वाजता मी वेळ सांगितली. गोपिकानं कागद पाहिला, वाया गेलेला वेळ जोडला आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की टोकाचं पाणी आणखी दीड तास चालेल. मधल्या बांध्यांवाले तिथं आपल्या पाळीसाठी येऊन थांबले होते. त्यांच्यातला एक जण कुरकुरला. ती म्हणाली की उद्या तुमचा वेळ असाच गेला तर तुम्हालाही भरून मिळेल. त्यावर तो बिडी पेटवून धुऱ्यावर बसला.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. गोपाळरावांचं नाव आलं तेव्हा रुखमाबाईंनी विचारलं, "अन् नाही म्हटलं असतं त्यायनं, तर?"

"नसतं म्हटलं," गोपिका म्हणाली. "त्यायनं पाहिलं नव्हतं, म्हणून फोडलं. पाहून कोणाचं पाणी तोडणारा माणूस नाही तो."

रुखमाबाईंनी तिचा सोललेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि दिव्याच्या उजेडात बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. गाडी सुटली तशी गोपिका खिडकीला डोकं टेकून जी झोपली, ती उमरेड गेलं तरी उठली नाही. लॅबमध्ये पोचायला दुपार झाली. डॉक्टर रागावले. गोपिकानं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण या वेळी मी मधे बोलले. तिनं काय केलं ते मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, कंपाउंडरांच्या देखत. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण शेवटी डॉक्टरांनीच मला बसायला सांगितलं.

त्या आठवड्यातलं पुढचं मला रुखमाबाईंकडून कळलं. मंगळवारी पहाटे गोपाळरावांनी आपली बंडी त्यांच्या दारात पाठवली. दट्ट्या रविवारपासून निघालेलाच होता, त्यामुळे त्या बंडीत बसूनच रुखमाबाईंनी मंगळवारची आणि पुढच्या दोन दिवसांची पाळी चालवली. शुक्रवारी त्या नागपूरला आल्या. फोटोत घोट्याच्या हाडाला बारीक चीर निघाली. प्लास्टर घालून त्या बारा दिवस आमच्या घरी राहिल्या आणि त्या बारा दिवसांत माझ्या आईची आणि त्यांची अशी गट्टी जमली की आई पुढं दरवर्षी त्यांच्या तांदळाची वाट पाहायची. त्या वर्षी गावात धान थोडा कमी उतरला, पण एकही बांधी जळाली नाही. टोकाचीही नाही.

मी नंतर चार-पाच वेळा त्या गावी गेले. तिसऱ्या वर्षी तुडुमाला लोखंडी दार बसलं, वरून चक्र फिरवलं की उघडणारं. पाण्यात उतरायची गरज संपली. ही बातमी गोपिकानंच मला टेबलापलीकडून दिली. मी म्हटलं, चला, आता तुला बुड्या माराव्या लागणार नाहीत.

"मायले बरं झालं," ती म्हणाली. मग सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता हळूच म्हणाली, "पण मले ते आवडे वं, नीला. खाली गेलं की कोणाचाच आवाज नाही येत."

आणि तिनं बोटानं मला गप्प राहायची खूण केली, कारण तिची मोजणी अर्ध्यावर आली होती.